इंदूरजवळ पातालपाणी धबधब्याच्या वाटेवर पावसात उगवणारी पांढरी छत्री, म्हणजे अळंबी, खाण्याची की विषारी, कसं ओळखायचं?

नुसत्या वरून काढलेल्या फोटोवरून नाही. देठ तोडू नका, भोवतीची माती उकरून बुडासकट काढा: खाण्याच्या, वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळासारखा निमुळता होत खोल जातो. मग उमललेली टोपी कापून, पापुद्रे खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी झाका. रात्रभरात बीजाणूंचा ठसा उमटतो. वारुळाच्या अळंबीचा फिकट गुलाबी, गवतातल्या क्लोरोफायलम या विषारी अळंबीचा मळकट हिरवा. कोवळेपणी मात्र त्याचेही पापुद्रे पांढरेच असतात, फसगत तिथेच होते. ठसा गुलाबी आला तरी तेवढ्यावर खाऊ नका. गुलाबी ठशाच्या विषारी जातीही आहेत. चांदीचं नाणं काळं पडण्याची परीक्षा निव्वळ थाप.

आणि तिथेच दिसणारा लाल मखमली किडा, तो विषारी का? नाही. आठ पायांचा, कोळ्याच्या गोतातला, निरुपद्रवी.