वाचकांचे प्रश्न : समुद्री पाणमांजराची भूक

प्रश्न : अलास्काच्या समुद्रातील पाणमांजरांची शिकार 1911 मध्येच बंद झाली, असे वाचनात आले. तरीही 1990 नंतर तिथे त्यांची संख्या कोसळली, हे कसे? शिवाय एवढ्याशा प्राण्यावाचून समुद्रातील जंगल नाहीसे होते, हे विधान अतिशयोक्त वाटते.
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : आधी ‘एवढ्याशा’ या शब्दाबद्दल. उत्तर पॅसिफिकमधील समुद्री पाणमांजराचा थोराड नर 45 किलोपर्यंत भरतो. मात्र सील किंवा देवमाशाप्रमाणे त्याच्या कातडीखाली चरबीचा थर नसतो आणि या प्राण्याची सारी कहाणी त्या एका उणिवेतून निघते. गारठलेल्या पाण्यात ऊब टिकवण्यासाठी त्याच्याकडे दोनच उपाय आहेत. पहिला म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर लाखाहून अधिक, इतके दाट केस. आणि दुसरा म्हणजे न विझणारी भूक. आपल्या वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा इतके अन्न ते रोज खाते. केसांपायी माणसाने त्याचा जवळजवळ निःपात केला आणि भुकेपायी ते समुद्रातील जंगलाचे राखणदार ठरले.

रशियाच्या सेवेतील दर्यावर्दी बेरिंगच्या 1741 च्या मोहिमेतून जिवंत राहिलेले खलाशी पुढच्या वर्षी रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचात्काला परतले, ते या प्राण्याची कातडी घेऊन. चीनच्या बाजारात तिला मिळणारा भाव पाहून रशियन व्यापाऱ्यांनी अलास्कालगतच्या अल्यूशियन बेटांवर धाव घेतली आणि तिथल्या अल्यूत लोकांनाच शिकारीला जुंपले. दीड ते तीन लाख असावीत असा अंदाज असलेली पाणमांजरे, 1911 मध्ये अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन यांनी करार करेपर्यंत, तुटक तुटक तेरा ठिकाणी मिळून हजार-दोन हजारच उरली होती.

करारानंतर त्यांची संख्या वाढली, पण सगळीकडे सारखी नव्हे, आणि हीच विषमता अभ्यासकांच्या पथ्यावर पडली. अल्यूशियन मालिकेतील अमचित्का बेटाभोवती पाणमांजरे भरपूर होती, तर शेम्या बेटाभोवती ती अजून पोहोचलीच नव्हती. जेम्स एस्टिस हा तरुण संशोधक 1971 मध्ये अमचित्कावर काम करीत असताना रॉबर्ट पेन या ज्येष्ठ परिसंस्थाशास्त्रज्ञाने त्याला सुचवले की, समुद्र पाणमांजराला काय देतो याऐवजी पाणमांजर समुद्राचे काय करते, हे तपासावे. शेम्याच्या पाण्यात बुडी मारल्यावर उत्तर डोळ्यांसमोर आले. तिथला तळ अर्चिन या काटेरी, चेंडूसारख्या प्राण्यांनी झाकून गेला होता, परंतु ‘केल्प’ नावाचे उंच वाढणारे समुद्रशैवाल जवळपास नव्हतेच. अमचित्काला केल्पचे दाट रान होते आणि मोठे अर्चिन शोधूनही सापडत नव्हते. अर्चिन केल्प खातो आणि बऱ्याचदा त्याला खडकाशी धरून ठेवणारे मूळसदृश देठच कुरतडतो, त्यामुळे सबंध झाड सुटून वाहून जाते. पाणमांजर अर्चिन खाते. एस्टिस आणि जॉन पामिसानो यांनी 1974 मध्ये ही तुलना प्रसिद्ध केली. त्या रानात मासे आसरा घेतात आणि लाटांचा जोर ओसरतो, हे लक्षात घेतले तर तुम्हाला अतिशयोक्त वाटलेले विधान किती शब्दशः खरे आहे, ते ध्यानात येईल.

आता तुमच्या मूळ शंकेकडे वळू. पश्चिम अलास्कात 1990 च्या दशकात पाणमांजरे दरवर्षी सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटू लागली. रोगराई नव्हती, उपासमार नव्हती, पिल्लांचा जन्मदरही घसरला नव्हता आणि किनाऱ्याला मृतदेह लागत नव्हते. मेलेले प्राणी सापडतच नाहीत, म्हणजे त्यांना कोणीतरी खात असले पाहिजे, असा तर्क निघाला. किलर व्हेल अर्थात ओर्का पाणमांजरांवर हल्ला करताना 1991 पासून दिसू लागलेच होते. खरा पुरावा मिळाला तो अडाक बेटावर. तिथल्या क्लॅम लगून या उथळ खाजणात ओर्का शिरू शकत नाहीत, आणि तेथील पाणमांजरे जशीच्या तशी राहिली. लगतच्या खुल्या कुलुक उपसागरात मात्र ती चार वर्षांत तीन चतुर्थांशांनी कमी झाली. एस्टिस व सहकाऱ्यांच्या 1998 च्या हिशेबानुसार सुमारे 40 हजार पाणमांजरांची घट घडवायला फक्त पाणमांजरांवर जगणारे चारेक ओर्का पुरेसे होते. हा आकडा मला आजही थबकायला लावतो. ओर्का या लहान भक्ष्याकडे का वळले, यावर मतभेद आहेत. त्यांचे नेहमीचे भक्ष्य असलेले सी लायन आणि सील आधीच घटले होते एवढे निश्चित, परंतु ते का घटले याची संगती सर्वमान्य झालेली नाही. परिणाम मात्र निर्विवाद होता. अर्चिन माजले आणि केल्पची रया गेली. या भागातील पाणमांजरांची नोंद 2005 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत झाली. करार शिकाऱ्याचा हात धरू शकतो; भुकेल्या ओर्कापुढे त्याचा इलाज चालत नाही.

एका गोष्टीबद्दल सावध करणे आवश्यक आहे, कारण लोकप्रिय लेखांत पाणमांजराला उजाड समुद्र पुन्हा फुलवणारा जादूगार ठरवले जाते. कॅलिफोर्नियात 2013 नंतर अर्चिन खाणारे तारामासे रोगाने मेले, पाठोपाठ समुद्र तापला, आणि पाणमांजरे नसलेल्या उत्तर किनाऱ्यावर काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक केल्प गेले. मॉन्टेरेच्या परिसरात पाणमांजरे होती. तिथे केल्पचे तुकडे टिकले. पण ती उजाड तळावरचे अर्चिन खात नव्हती, कारण उपाशी अर्चिनच्या कवचात खाण्याजोगे काहीच उरलेले नसते. ती केल्पच्या आसऱ्याचे भरलेले अर्चिन वेचीत राहिली. म्हणजे उरलेले रान ती राखतात, गेलेले आपोआप परत आणत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे पाणमांजर जाळ्यातले मासे पळवते म्हणून लोक त्याच्यावर चिडून असतात. तिकडच्या मच्छीमारांना या प्राण्याबद्दल काय वाटते? आणि आमच्या खाडीत दिसते ते हेच का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : हेच नव्हे. सिंधुदुर्गाच्या आणि गोव्याच्या खाड्यांत दिसणारे पाणमांजर वेगळ्या जातीचे आहे. त्याला इंग्रजी नावावरून ‘गुळगुळीत कातडीचे’ म्हणता येईल. ते मुख्यत्वे मासे खाते आणि काठावर, खारफुटीत बीळ करून राहते. समुद्री पाणमांजर मात्र पाण्यावर उताणे होऊन झोपते, पिल्लालाही पाण्यातच जन्म देते आणि प्रामुख्याने शंखशिंपले, खेकडे व अर्चिन खाते.

तिकडचा राग मात्र तुमच्या ओळखीचा वाटेल. आग्नेय अलास्कात 1960 च्या दशकात सुमारे 400 पाणमांजरे आणून सोडण्यात आली. त्यांची संतती आज वीस हजारांच्या पुढे आहे आणि तिथले खेकडे, अर्चिन व अबालोनी हे खाद्य शंख पकडणारे लोक आपला धंदा बसला असे सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. शतकभर पाणमांजरे नव्हती, म्हणूनच तो माल इतका मुबलक झाला होता, हेही तितकेच खरे. किनाऱ्यावरील मूळनिवासींना 1972 च्या कायद्याने मर्यादित शिकारीचा हक्क दिला आहे, आणि त्यांच्यातही मते विभागलेली आहेत. कॅलिफोर्नियात सरकारने मच्छीमारांसाठी मधला मार्ग काढून पाहिला. 1987 पासून सॅन निकोलस बेटावर पाणमांजरे सोडली आणि दक्षिणेकडचा किनारा ‘पाणमांजरमुक्त’ ठरवला. तिकडे गेलेले प्राणी पकडून परत आणायचे, अशी योजना होती. बेटावर सोडलेली बहुतेक पाणमांजरे पोहत निघून गेली, काही तर आपल्या मूळ जागी पोहोचली. नकाशावरची ती रेघ त्यांनी मानलीच नाही, आणि 2012 मध्ये सरकारने योजना रीतसर गुंडाळली.