गाडी विका, पण पैसे पुण्याला पाठवू नका

लंडनच्या हॅरोमधून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ६१. त्यांच्याकडे १९६९ ची जॅग्वार ई-टाइप आहे, उजव्या स्टीअरिंगची, मागे दोन छोट्या सीट असलेलं टू-प्लस-टू मॉडेल. तिथला डीलर ३८ हजार पौंड देतो म्हणतो. अमेरिकेत ई-टाइप लाख डॉलरच्या वर जाताना त्यांनी पाहिली, तेव्हा परदेशी गिऱ्हाईक शोधावं का आणि कर किती बसेल, हा त्यांचा प्रश्न. पुण्यात साडूंच्या ओळखीच्या बँक मॅनेजरनं त्यांना एक युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी, काढून दिलं आहे. वर्षाला १० लाख रुपये, "१२ टक्के नक्की". एक हप्ता गेला, उरलेले चार गाडीच्या पैशांतून भरायचा बेत आहे. आणि अगदी शेवटी, कंसात: घरावर ९० हजार पौंडांचं कर्ज आहे, फक्त व्याज भरतो, मुद्दल तीन वर्षांनी एकरकमी द्यायची आहे.

कंसातलंच आधी घेऊ. तीन वर्षांनी बँक ९० हजार मागणार. तुमच्या पत्रात त्यासाठी एका पौंडाचीही तरतूद दिसत नाही. एकच वस्तू विकून मोठी रक्कम हाती येणार आहे आणि ती तुम्ही रुपयांत, पाच वर्षं कुलूपबंद होणाऱ्या पॉलिसीत घालायला निघाला आहात. चार हप्ते म्हणजे ४० लाख, ढोबळ ३५ हजार पौंड. गाडीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज इतकी चपखल बसते, की मॅनेजरसाहेबांनी आधी गाडीचा भाव विचारला होता का, अशी शंका येते.

१२ टक्के आले कुठून? युलिपच्या छापील तक्त्यात ४ आणि ८ टक्के असे दोनच दर दाखवता येतात, आणि तेही नक्की नसतात. तुमचा कागद काढून बघा, १२ कुठेच सापडणार नाही. शिवाय वर्षाला अडीच लाखांच्या वर हप्ता असलेल्या, फेब्रुवारी २०२१ नंतरच्या युलिपला भारतातली करमाफीही मिळत नाही. मिळाली असती तरी तुम्ही ब्रिटनचे करदाते, तिथल्या कर खात्याला भारतातल्या माफीशी देणंघेणं नाही. हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं नसणार, कारण सांगितलं तर पॉलिसी विकली जात नाही.

आता दुसरा हप्ता भरू नका. पहिले १० लाख बुडतील अशी भीती घातली जाईल, पण ते बुडत नाहीत. एवढ्या हप्त्याच्या युलिपमध्ये लवकर बंद केल्याचा दंड पाच-सहा हजार रुपयांच्या वर जात नाही. बाकी रक्कम वेगळ्या फंडात पडून राहते, तिला किमान ४ टक्के मिळतात आणि पाच वर्षं झाली की ती परत येते. फक्त ती कर्जाच्या तारखेनंतर येईल, म्हणून कर्जाच्या हिशेबात धरू नका. साडूंना वाईट वाटेल. वाटू द्या.

आता कर्ज. गाडीचे खर्च वजा जाता ३६ हजार धरू. ऑफिसच्या पेन्शनमध्ये १ लाख २० हजार आहेत असं लिहिलंत. त्यातले पाव म्हणजे ३० हजार करमुक्त काढता येतात. झाले ६६. तूट २४ हजारांची, म्हणजे तीन वर्षं महिना साडेसहाशेच्या आसपास. ३६ हजार आधीच कर्जात गेले तर ५ टक्क्यांनी वर्षाला १,८०० व्याज वाचतं, म्हणजे खिशातून महिना पाचशे. जड आहे, पण अशक्य नाही. फिक्स्ड दर चालू असेल तर एकदम भरायला दंड लागू शकतो, बऱ्याच बँका वर्षाला कर्जाच्या १० टक्केच विनादंड घेतात. ते बँकेला याच आठवड्यात विचारा, आणि मुदत वाढेल का तेही. निवृत्तांसाठीही फक्त व्याजाची कर्जं असतात, पण शेवटच्या महिन्यात गेलात तर वाटाघाटीला जागा राहत नाही.

राहिली गाडी. नफ्यावर कर शून्य. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीला भांडवली नफ्याचा कर नाही. बाकी आशा आवरा. तुम्ही पाहिलेली लाख डॉलरची गाडी बहुधा उघड्या टपाची, डाव्या स्टीअरिंगची होती. ७२ हजारांवर ई-टाइप बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेलाच गेल्या. तिथे उजव्या स्टीअरिंगची गाडी आणायला बंदी नाही, पण ती घ्यायला फारसं कोणी उत्सुकही नाही. त्यात टू-प्लस-टू सगळ्यांत स्वस्त. जर्मनी-नेदरलँड्समध्ये मूळ अवस्थेतल्या तीस वर्षांवरच्या गाडीला ड्युटी माफ आणि व्हॅट ७ ते ९ टक्केच, नाहीतर १० टक्के ड्युटी आणि वर १९-२१ टक्के व्हॅट. तो गिऱ्हाईक भरतो, पण कापतो तुमच्या किमतीतून. ऑस्ट्रेलिया उजव्या स्टीअरिंगचा देश खरा, पण ब्रेक, क्लच, गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉसचा अंशही चालत नाही, आणि साठच्या दशकातल्या गाडीत तो असतोच. आयर्लंड, न्यूझीलंड, जपान बघायला हरकत नाही. जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टचा दाखला काढा. गाडी कारखान्यातूनच उजव्या स्टीअरिंगची निघाली हे त्यात येतं. सौदा "जागेवर, आहे तशी", शिपिंग घेणाऱ्याचं. नंबर प्लेटला किंमत येणार असेल तर गाडी देशाबाहेर जाण्याआधी ८० पौंड भरून नंबर स्वतःकडे ठेवा.

गाडी न बघताच ९० हजार डॉलर कबूल करणारा, आणि "चेक जास्तीचा देतो, त्यातून माझ्या शिपिंग एजंटला तुम्ही पैसे पाठवा" म्हणणारा, तुमच्या पत्रातला टेक्सासचा गृहस्थ सरळ ठग आहे. त्याला उत्तरसुद्धा देऊ नका. डीलरला सांगा ४०, आणि ३९ ला सोडा.