लपव, पण खोटं लिहू नकोस

पोरी,

तुझा लांबलचक मेल रात्री दोनदा वाचला. माळावरच्या पक्षी-प्राण्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी उडवून टाकू, की ठिकाण शेजारच्या तालुक्यातलं टाकून ठेवू, असं विचारतेस. कायदे बदलताहेत, डेटा परदेशी सर्व्हरवर असतो असं सांगून कुणीतरी तुला घाबरवलंय, वर शिकाऱ्यांची धास्ती. भीती अनाठायी नाही. पण ठिकाण बदलायचा तुझा उपाय वाचून माझं डोकं फिरलं.

रानपिंगळ्याची, म्हणजे त्या दुर्मीळ छोट्या घुबडाची, गोष्ट तुला माहीत असणार, तरी सांगतो. १८८४ नंतरचा त्याचा एकच पुरावा होता : रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला मेलेला पक्षी, त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतलं मांडवी. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं, तर तो लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात मिळवलेला पक्षी निघाला. चिठ्ठी तेवढी नवी. ती बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पिंगळा सापडला. एका खोट्या गावाच्या नावाने केवढा घोळ घातला बघ.

आता माझं. हे घरीही सांगितलेलं नाही. आमच्या टेकडीच्या कड्यात शृंगी घुबडाची जोडी होती. दिवाळीच्या अमावास्येला घुबडांचे बळी कसे जातात, ते तुला सांगायला नको. म्हणून मी वहीत आणि आमच्या पक्षिमित्र मंडळाच्या यादीत मुद्दाम बारा किलोमीटरवरचं गाव लिहिलं. पिल्लं उडाली, मी खूश. आठ वर्षांनी त्याच कड्यावर खडी क्रशरचा अर्ज आला. सुनावणीत मी तावातावाने उभा राहिलो, तर समोरच्या सल्लागाराने आमचीच यादी उघडली. "साहेब, यांच्याच नोंदीत घुबड बारा किलोमीटरवर आहे." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मुद्दाम खोटं लिहिलं होतं म्हणावं, तर बाकीच्या तीनशे नोंदींवर कोण विश्वास ठेवणार? खाली बसलो. माइनर्ट्झहागेनने चोरी लपवायला लिहिलं, मी घुबड वाचवायला. फरक आहे, आजही म्हणतो. त्या वर्षीची पिल्लं माझ्या थापेमुळेच वाचली, असंही म्हणतो. कड्याच्या जागी आता खड्डा आहे.

आणि नेमक्या अशा वेळी तू नोंदी उडवायला निघालीस! वनसंवर्धन कायद्यातली दुरुस्ती १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली आणि कागदावर 'वन' नसलेल्या जमिनींचं संरक्षण डळमळलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालातली 'वना'ची व्यापक व्याख्या तूर्त पाळायला सांगितली. 'तूर्त'च्या भरवशावर किती दिवस झोपायचं? तुझ्या माळाला त्या व्याख्येतही जागा मिळेलच असं नाही. सातबाऱ्यावर तो पोटखराब, म्हणजे लागवडीला नालायक. धाविक, चंडोल, लांडगा यांची दखल सातबारा घेत नाही. तू घेतली आहेस, तारीखवार.

सरकारी नोंदवहीवर विसंबू नकोस. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि राज्यांना महिना दहा लाखांचा दंड ठरवल्यावर लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावोगावच्या जीवजातींच्या सरकारी याद्या, कशा धडाधड झाल्या, ते पाहिलंय. आमच्याकडच्या एका दुष्काळी गावाच्या वहीत खाडीतले खेकडे उतरले होते!

तेव्हा लपव, पण खोटं लिहू नकोस. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर ठिकाण धूसर करता येतं. लोकांना वीस-बावीस किलोमीटरचा चौकोन दिसतो, नेमका बिंदू तुझ्याकडे राहतो. पक्षीनोंदींच्या ईबर्डवर यादी लोकांपासून लपवता येते. दोन्हीकडून आपला डेटा उतरवून घेता येतो. दर पावसाळ्याआधी उतरव, एक प्रत भावाकडे ठेव. उद्या धोरण बदलो, सर्व्हर बंद पडो. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजार हौशी लोकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. प्रत्येकाने माझ्यासारखी सद्‌हेतूची एकेक थाप मारली असती तर?

रागावलो असेन, तर असू दे. रविवारी ये. जुन्या वह्या काढून ठेवल्यात. घुबडाच्या पानावर खरं ठिकाण लिहायचंय, जुनं न खोडता, लाल शाईने, आजची तारीख घालून. मग आपण त्या खड्ड्यापर्यंत जाऊ आणि तुझ्या फोनमध्ये तो बिंदू टाकू. मला ते फोनचं जमत नाही.