वाचक विचारतात : प्रत्यारोपणात पित्तनलिकेची एवढी काळजी का?

प्रश्न : माझ्या यजमानांना आमचा मुलगा यकृताचा उजवा भाग देणार आहे. सर्जन म्हणाले, "यकृत काम करू लागेल, काळजी आहे ती पित्तनलिकेची." असं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : पित्तनलिका म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळी. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणारी शीर), उरलेलं धमनीतून. पित्तनलिका मात्र जवळजवळ धमनीवरच जगते. केसाएवढ्या बारीक वाहिन्यांचं जाळं तिला वेढून असतं. ते तुटलं किंवा धमनीत गुठळी झाली, तर यकृत काही काळ तग धरतं, नलिका धरत नाही. आधी पित्त गळतं, नाहीतर पुढे नलिका आकसते.

म्हणून तुमच्या मुलाच्या शस्त्रक्रियेत नलिका सोलून मोकळी करत नाहीत. भोवतालच्या आवरणासकट कात्रीनेच कापतात. तिथे विजेचं कॉटरी (उष्णतेने कापणारं, रक्त थांबवणारं उपकरण) वापरलं तर उष्णतेने कड जळते. कापलेल्या कडेतून थोडं रक्त आलं तर ते चांगलंच लक्षण. ते बारीक टाक्याने थांबवतात.

खरी कसोटी कुठे कापायचं ही. दात्याच्या बाजूला जास्त सरकलं तर त्याची राहिलेली नलिका अरुंद होते. उलट बाजूला गेलं तर एकाऐवजी दोन-तीन तोंडं निघतात आणि प्रत्येक वेगळी जोडावी लागते. काहींची उजवीकडची मागची नलिका चक्क डाव्या नलिकेला मिळते. त्यामुळे आधी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) आणि कापण्यापूर्वी टेबलावरच नलिकेत डाय सोडून एक्स-रे, हे दोन्ही व्हायला हवं.

काढलेल्या भागात पित्त साचून राहिलं तर त्यातले क्षार आतलं अस्तर खातात, म्हणून थंड द्रावणाने नलिका धुतात. जोडताना ६-० मापाचा, म्हणजे अतिशय बारीक, विरघळणारा धागा वापरतात आणि जोडावर ताण येऊ देत नाहीत.

हृदय थांबून मृत्यू झालेल्या दात्याच्या यकृतात नलिका आकसण्याचा धोका फार वाढतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या सर्जनांच्या पुढाकाराने झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा यकृतांतून आधी किमान दोन तास थंड, ऑक्सिजनयुक्त द्रावण फिरवलं. सहा महिन्यांत नलिका आकसण्याचा त्रास १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला.

प्रश्न : घरी आल्यावर काय पाहायचं?

उत्तर : अंगाला खाज, गडद लघवी, फिकट शौच, थंडी वाजून ताप. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी (पित्त अडल्यावर वाढणारी विकरं) वाढले, तर लक्षणं नसतानाही त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवा. कावीळ म्हणून गावठी औषध अजिबात देऊ नका आणि टॅक्रोलिमस (शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध) स्वतःहून थांबवू नका. डॉक्टर आधी डॉपलरने (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) धमनी पाहतील, मग एमआरसीपी. जोड अरुंद झाला असेल तर बहुधा ईआरसीपीने (तोंडातून दुर्बीण घालून) फुगा घालून रुंद करतात व स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, ठेवतात. तो साधारण दर तीन महिन्यांनी बदलत वर्षभर लागू शकतो. तारीख चुकवू नका, कारण तुंबलेल्या स्टेंटमुळे जंतुसंसर्ग होतो.