खडा लागून वॅगनआरच्या पुढच्या काचेला दीड फुटाचा तडा गेलाय. काचवाला म्हणतो, सिलिकॉन लावून दोन तासांत बसवून देतो. बसवून घेऊ का? आणि विम्यातून करू की खिशातून?

तुम्ही लिहिलंय की द्रुतगती मार्गावर ट्रकच्या चाकातून खडा उडाला, आधी डाळीएवढा टवका होता, आठवड्यात त्याचा दीड फुटाचा तडा झाला आणि तो आता काचेच्या कडेला पोचलाय. गाडी २०१९ नंतरची, पेट्रोल, पुढे दोन एअरबॅग.

आधी सरळ उत्तर: काच बदलावीच लागेल. सिलिकॉन लावणाऱ्याकडून मात्र बदलून घेऊ नका, मग तो दोन तासांत देवो की अर्ध्या तासात.

टवका डाळीएवढा होता तेव्हा त्यात राळ भरून काम भागलं असतं. टवका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसलेला आणि कडेपासून लांब असेल, तर आतली हवा ओढून पातळ राळ भरतात आणि ती अतिनील दिव्याखाली सुकवतात. खूण थोडी राहते, पण तडा पुढे सरकत नाही. अशा वेळी पहिल्याच दिवशी टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावायची, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही. एकदा तडा कडेला टेकला की दुरुस्तीचा विषय संपतो.

पुढची काच म्हणजे काचेचे दोन थर आणि मध्ये प्लास्टिकचा एक पातळ पडदा, सगळं मिळून जाडी साधारण ५ मिलीमीटर. त्यामुळेच ती फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. नवी काच बसेपर्यंत गाडी सावलीत लावा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका आणि एसीचा झोत काचेकडे ठेवू नका. एका बाजूने ऊन, दुसऱ्या बाजूने गार हवा, त्यात गतिरोधकाचा धक्का, एवढ्याने तडा एका दुपारीत वीतभर पळतो.

आता सिलिकॉनबद्दल. जुन्या अँबॅसॅडर, पद्मिनी किंवा ओम्नीला काच रबराच्या पट्टीत अडकवलेली असायची. दोरी घालून पट्टी ओढली की काच बसली, गळलं तर सीलंट भरलं. तेव्हाची सवय अजून काही हातांत आहे. तुमच्या गाडीची काच मात्र चौकटीला चिकटवलेली आहे आणि ती गाडीच्या सांगाड्याचाच भाग आहे. गाडी उलटली तर छताला ती आधार देते. डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना वर जाऊन काचेवर टेकते आणि तिथून बसलेल्या माणसाकडे वळते. काच त्या क्षणी सुटली तर एअरबॅग काचेसकट बाहेर जाते. हा भार फक्त काचेसाठी बनवलेलं पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानात म्हणतात ते पीयू, पेलू शकतं. सिलिकॉनमध्ये तेवढी ताकद नसते. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि चौकटीचा पत्रा गंजवतं. शिवाय त्याचा पुसट थर जरी मागे राहिला तरी पुढच्या वेळी त्यावर पीयू धरत नाही. म्हणजे आजचं चुकीचं काम पुढचं बरोबर कामही बिघडवून ठेवतं.

काच घेताना गाडीचं वर्ष नीट सांगा. वॅगनआरच्या १९९९, २०१० आणि २०१९ अशा तीन पिढ्या आल्या, तिन्हींच्या काचा वेगळ्या. आरसा काचेवर चिकटवलेला आहे की छताला, तेही सांगा. काच हातात आली की खालच्या कोपऱ्यातली खूण वाचा: बनवणाऱ्याचं नाव, लॅमिनेटेड हा शब्द, आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा क्रमांक. खूण नसलेली काच परत करा. आपल्याकडे आसाही इंडिया आणि सेंट-गोबेन सेक्युरिट या दोघांच्या काचा सहज मिळतात. कंपनीच्या शोरूमचं नाव छापलेलीच हवी असा हट्ट धरायची गरज नाही. पण बसवण्याआधी काच उभी धरून तिच्यातून तिरकं एखाद्या खिडकीच्या गजांकडे पाहा. गज लाटांसारखे हलताना दिसले तर ती काच रात्री समोरच्या दिव्यांत डोळे थकवेल. बसल्यावर ही तक्रार कोणी ऐकत नाही.

आता बसवण्याचं काम. माझ्या मते पैसे काचेचे कमी आणि या कामाचे जास्त असतात, म्हणून समोर उभं राहून बघा.

वायपरचे हात, खालची प्लास्टिकची जाळी म्हणजे काउल, आणि कडेच्या पट्ट्या निघतात. काउलच्या क्लिपा जुन्या गाडीत हमखास तुटतात, नव्या आधीच मागवून ठेवायला सांगा. नाहीतर काउल सैल राहतं, पाणी भलतीकडे वाहतं आणि खडखड वेगळीच. डॅशबोर्डवर जाड कापड आणि चौकटीच्या रंगावर चिकटपट्टी लावून मगच तार किंवा सुरी लावायची. तार आरपार ओढून जुना पीयू कापतात. घाईत सुरी आडवी गेली की पत्र्यावर ओरखडा उठतो, आणि पुढची सगळी दुखणी त्या ओरखड्यातून सुरू होतात.

काच निघाल्यावर चौकटीवर जुन्या पीयूची कड उरते. ती पत्रा दिसेपर्यंत खरवडायची नाही. धारदार पात्याने ती १ ते २ मिलीमीटर जाडीवर सपाट करायची, कारण कारखान्यात लागलेला तो थर पत्र्याला घट्ट धरून असतो आणि नव्या पीयूला त्याच्यासारखी दुसरी जमीन नाही. जिथे पत्रा उघडा पडला असेल तेवढ्याच जागी प्रायमर. पण कड सुटलेली, पोपडे आलेली किंवा खाली गंज असेल तर तो भाग पूर्ण काढावाच लागतो. कोकणातल्या, समुद्राजवळच्या गाड्यांत खालच्या दोन कोपऱ्यांत हे नेहमी सापडतं. गंज चकाकी येईपर्यंत घासायचा, गंजरोधक प्रायमर मारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, मग त्यासाठी गाडी एक दिवस जास्त ठेवावी लागली तरी चालेल. गंजावर पीयू ओढला तर तो पत्र्याला नाही, गंजाच्या पोपड्याला चिकटतो. पहिल्या पावसाळ्यात पोपडा सुटतो, सोबत पीयूही.

नवी काच आधी कोरडीच ठेवून बघायची. चारही बाजूंची फट सारखी आली की काच आणि गाडी दोन्हींवर चिकटपट्टीने खूण करायची. मग काचेच्या काळ्या कडेला क्लीनर-ॲक्टिव्हेटर, म्हणजे काच साफ करून पकड वाढवणारं द्रव, त्यावर काळा प्रायमर, आणि पाकिटावर लिहिला असेल तेवढा वेळ थांबणं. ती काळी कड शोभेची नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपासून ती पीयूला झाकते. प्रायमर झाल्यावर तिथे बोट लागलं तर हाताचं तेल बसतं आणि तेवढ्या जागी जोड कच्चा राहतो. म्हणून हातमोजे हवेत, आणि काच उचलायला दोन माणसं आणि हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या मुठी.

पीयू किती लागतो याचा हिशोब तुम्हीही करू शकता. छोट्या गाडीच्या काचेचा घेर साधारण ४ मीटर. पीयूची धार त्रिकोणी हवी, तळाशी १० मिलीमीटर, उंची १२. म्हणजे छेद ६० चौरस मिलीमीटर, आणि ४ मीटरला २४० मिलीलिटर. ३१० मिलीलिटरच्या एका नळीत काम जेमतेम होतं, ६०० च्या पाकिटात निवांत होतं. कोणी अर्धी नळी उरवली तर धार बारीक ओढली गेली असं समजा. नोझलला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कापलेली असावी, धार एकाच दमात फिरावी आणि तिची दोन टोकं कोपऱ्यात जुळवू नयेत, कारण पाणी कोपऱ्यातच साचतं.

नळीवरची मुदत वाचा. पीयू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर पडलेली नळी मुदतीआधीही बिघडते, आणि काल उघडलेली आज वापरायची नसते. दमट हवेत धारेवर साय लवकर धरते, म्हणून धार ओढल्यापासून दहा मिनिटांच्या आत काच बसायला हवी. साय धरल्यावर बसवली तर वरून चिकटल्यासारखी दिसते, आत मिठी बसत नाही. पावसाळ्यात काम करू नये असं मात्र नाही. ओलाव्याने पीयू उलट लवकर मुरतो. फक्त चौकट आणि काच पूर्ण कोरडी हवी आणि काम बंद छताखाली हवं. रस्त्याकडेला ताडपत्री धरून चाललेलं काम पावसातही नको आणि वैशाखाच्या धुळीतही नको.

काच टेकवताना जोर लावायचा नाही. धार दबून ५-६ मिलीमीटर जाडी राहिली पाहिजे, त्यासाठी खाली रबराचे छोटे ठोकळे असतात. ते जुने म्हणून फेकून दिले, किंवा जास्त दाबलं, तर काच एखाद्या जागी पत्र्याला टेकते. मग काही दिवसांनी गाडी खड्ड्यात आपटली की काही न लागता तडा जातो आणि दुकानदार म्हणतो, खडा लागला असेल. तड्याच्या उगमाकडे बघा. खड्याच्या तड्याला सुरुवातीला नख अडकेल असा टवका असतो. ताणाचा तडा कडेपासून निघतो आणि टवका नसतो.

गाडी कधी चालवायची? पाकिटावर सुरक्षित चालवण्याचा वेळ लिहिलेला असतो. जलद प्रकारांत तो तासाभराचाही असतो, साध्यांत कितीतरी जास्त, आणि एअरबॅगच्या गाडीला वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. आतपर्यंत मुरायला मात्र एक-दोन दिवस लागतात, कारण दिवसाला जेमतेम ३-४ मिलीमीटर खोलीच घट्ट होते. नाशिकच्या कोरड्या थंडीत याहूनही हळू. तेवढे दोन दिवस एका दाराची काच बोटभर खाली ठेवा. सगळ्या काचा बंद असताना दार आपटलं तर आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते. बाहेरच्या चिकटपट्ट्या चोवीस तास काढू नका, आणि प्रेशरने धुणं दोन दिवस नको. गळती तपासायची तर साधी नळी काचेच्या वरच्या कडेवर पाच-दहा मिनिटं संथ सोडा आणि आत पायाखालच्या गालिच्याला हात लावून बघा. पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं, जिथे फ्यूज आणि वायरी असतात, त्यामुळे थेंबभर ओलही सोडून देऊ नका. वेगात शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तीही फटीचीच खूण. पहिल्यांदा पंखा लावण्याआधी डॅशबोर्डच्या जाळ्यांतून व्हॅक्यूम फिरवून घ्या, काचेचा चुरा तिथे हमखास पडलेला असतो. वायपरची रबरंही बदला, जुन्यात रुतलेला कण नव्या काचेवर कायमची रेघ ओढतो.

आता विमा. फक्त थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, धरत नाहीत, पण रबर-प्लास्टिकच्या भागांवर निम्मा कापतात आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये तुमचे जातात. खरं नुकसान नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणाऱ्या सवलतीचं. समजा काम ६,००० चं आहे, म्हणजे हातात फार तर ५,००० येतील. समजा बोनसआधीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ६,००० आहे आणि तुम्ही ३५ टक्क्यांवर आहात. पुढच्या वर्षी ४५ झाले असते, दाव्यामुळे शून्य होतील: तोटा २,७००. त्यानंतर ५० ऐवजी २०, मग २५, ३५, ४५: म्हणजे १,८००, १,५००, ९०० आणि ३००. एकूण ७,२००. गाडीची किंमत घटते तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल, तरी ५,००० साठी दावा करणं मला पटत नाही. बोनस वाचवणारं जोडकलम घेतलेलं असेल, किंवा बोनस आधीच शून्य असेल, तर जरूर करा. पण मग जुनी काच काढण्याआधी कंपनीला कळवा आणि फोटो द्या. काढल्यावर कळवलंत तर तपासायला काही उरत नाही.

जुन्या काचेबरोबर फास्टॅगही जाईल. तो सोलून काढला की आतली तार तुटते, दुसरीकडे चिकटवून चालत नाही. ज्या बँकेचा आहे तिच्याकडेच त्याच खात्यावर बदली टॅग मागा, म्हणजे शिल्लक तशीच राहते. नवा टॅग काचेला चिकटवाच. हातात धरून दाखवलेले सुटे टॅग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ पासून काळ्या यादीत टाकायला सुरुवात केली आहे. आणि काचेच्या आतल्या बाजूचं ते निळसर होलोग्राम स्टिकर, ज्याला तिसरी नंबरप्लेट म्हणतात, तेही फाटेल. काच काढण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा आणि नवं मागवताना नंबरप्लेट बनवणाऱ्या अधिकृत कंपनीकडेच मागवा.

बिलावर काचेच्या कंपनीचं नाव, पीयूचं नाव आणि गळतीची हमी किती महिन्यांची हे लिहून घ्या. हे तिन्ही लिहून द्यायला जो काचवाला तयार नसेल, त्याच्याकडे गाडी सोडू नका.