वाचक विचारतात: ओंकारेश्वरला दोन तास पुरतात का?

प्रश्न: दिवाळीनंतर आईला घेऊन उज्जैन-ओंकारेश्वर-महेश्वर करायचं चाललंय. ट्रॅव्हल्सवाल्यानं जो कागद दिलाय त्यात ओंकारेश्वरपुढं नुसतं "दर्शन, २ तास" लिहिलंय. आईचं वय ७२, गुडघे दुखतात, पण ती म्हणते एकदाच जाणार तर नीट बघू. दोन तासात होतं का? आणि खरं ज्योतिर्लिंग बेटावरचं की अलीकडच्या काठावरचं? शेजारच्या काकू म्हणतात ममलेश्वर केलं नाही तर यात्रा पूर्ण होत नाही.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर: दोन तासात रांग होते, नारळ होतो, चपला सापडल्या की बस हॉर्न मारायला लागते. त्यापेक्षा ट्रॅव्हल्सवाल्याला एक रात्र वाढवून मागा, नसेल देत तर सरळ तुमची तुम्ही जा.

इस्लामपूरचे म्हणजे बह्याचं रामलिंग बेट तुम्ही बघितलंच असेल, कृष्णेच्या मधोमध देऊळ, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथंच. ओंकारेश्वर त्याच जातीचं पण कितीतरी मोठं, अख्खा डोंगरच नदीत उभा आहे, त्याला मांधाता म्हणतात. दक्षिणेकडून नर्मदा जाते आणि उत्तरेकडच्या धारेला तिथले लोक कावेरी म्हणतात (हो, कावेरीच, तमिळनाडूतली नव्हे) आणि बेटाच्या पश्चिम टोकाला दोन्ही परत एक होतात.

रात्र राहा म्हणतो त्याचं मुख्य कारण शयन आरती. रात्री आरती झाली की गाभाऱ्यात शंकर-पार्वतीसाठी सारीपाट मांडून ठेवतात आणि दार बंद करतात, दोघं रात्री येऊन खेळतात अशी श्रद्धा. दिवसाच्या गर्दीत पुढचा माणूस ढकलतो, मागचा ओरडतो, त्यात लिंग नीट दिसतसुद्धा नाही. ते साधं ओबडधोबड दगडाचं आहे, बाजूनं पाणी, आणि गंमत म्हणजे शिखराच्या बरोबर खाली नाही. वरच्या मजल्यावर परत महाकालेश्वर आहे.

काकूंचं म्हणाल तर त्यांच्याशी वाद घालू नका. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात ओंकार आणि ममलेश्वर जोडीनंच येतात, त्यामुळं खरं कुठलं हा प्रश्नच तिथं कुणी काढत नाही, लोक दोन्ही करतात. तसंही ममलेश्वर बस स्टँडच्याच काठाला आहे, आईंना त्रास नाही. आणि माझं विचाराल तर देऊळ म्हणून मला तेच जास्त आवडतं, जुनं दगडी काम, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, भिंतीवर १०६३ सालचं कोरलेलं शिवस्तोत्र आहे. अहिल्यादेवींच्या काळापासून तिथं मातीची छोटी छोटी शिवलिंगं करून पूजायची पद्धत सांगतात, पूजा झाली की ती नर्मदेत सोडायची. महेश्वरला त्यांचा वाडा बघणारच आहात, त्याआधी हे बघितलेलं बरं.

गुडघ्यांसाठी एवढंच की बेटावर पुलावरून न्या. होडी छान वाटते पण पलीकडं घाटाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. होडीची हौस असेल तर संगमापर्यंत फिरवून अलीकडंच उतरवा. बेटाची पायी प्रदक्षिणा साधारण सात किलोमीटर, चढ-पायऱ्या आहेत, आईंना नेऊ नका, तुम्ही पहाटे एकटे उरकून या. वाटेत गौरी सोमनाथाचं माणसाच्या उंचीचं काळं लिंग आणि सिद्धनाथाच्या जोत्यावरचे दगडी हत्ती लागतात, मोडलेत बरेच, पण आहेत त्यावरसुद्धा नजर ठरत नाही. २०२३ मध्ये उभा केलेला शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळाही बेटावरच आहे. आचार्यांना गुरू गोविंदपाद इथंच भेटले असं मानतात.

राहायला शेगाव संस्थानचं भक्तनिवास आहे, स्वच्छ, जेवण आपल्या पद्धतीचं. रेल्वेनं जायचं तर खंडव्याला उतरा, पुढं सत्तरेक किलोमीटर. आणि गाडी स्वतःची असेल तर सनावदकडून रावेरखेडीला वाकडी वाट कराच, तिथं नर्मदेकाठी बाजीराव पेशव्यांची समाधी आहे, २८ एप्रिल १७४० ला ते तिथंच गेले. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा पेशवा, आणि आपल्याकडच्या किती बस तिथं थांबतात ते विचारू नका.

प्रश्न: पोरं बरोबर आहेत, त्यांना नर्मदेत डुंबायचंय. पावसाळा नसताना पाण्याची भीती नसते ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर: असते. आपल्याला कोयनेचा विसर्ग म्हटलं की आयर्विन पूल आठवतो, पण ते पावसाळ्याचं. तिथं गावाच्या वरच्या अंगाला लगेच ओंकारेश्वर धरण आहे, ५२० मेगावॅटचं, त्याच्याही वर इंदिरासागर, आणि वीज करायला पाणी उन्हाळ्यातसुद्धा सोडतात. सकाळी उघडा असलेला खडक दुपारी पाण्याखाली. २००५ च्या एप्रिलमध्ये ओंकारेश्वरच्या वर धाराजीला जत्रेतले लोक असेच रात्री आलेल्या पाण्यात वाहून गेले होते. तेव्हा घाटावर, साखळी धरून, पायरीवर बसून आंघोळ करा. मधल्या खडकावर फोटो काढायला पोरांना अजिबात पाठवू नका आणि भोंगा वाजला की साबण तिथंच टाकून वर या.

प्रश्न: आमचे एक मामा नर्मदा परिक्रमेला निघालेत, ओंकारेश्वरपासूनच उचलणार. पण म्हणतात परिक्रमा चालू असताना ओंकारेश्वराचं दर्शन घेता येत नाही. हे कसलं उलटं?
– एक वाचक, कराड

उत्तर: उलटं नाही, नियमच तसा आहे. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नाही, ती कायम उजव्या हाताला ठेवायची, आणि देऊळ पडलं बेटावर म्हणजे धार ओलांडणं आलं. म्हणून संकल्पाच्या आधी दर्शन घेऊन दक्षिण काठाला परत यायचं, तिथून पश्चिमेला चालत समुद्रापर्यंत, तिथं होडीनं पलीकडं, उत्तर काठानं अमरकंटक, आणि परत. नदी १३१२ किलोमीटर, तिचे दोन्ही काठ, त्यात चातुर्मासात चालायचं नाही. हे सगळं झाल्यावर बरोबर नेलेलं नर्मदेचं पाणी ओंकारेश्वराला चढवलं की परिक्रमा पुरी. मधल्या काळात मामांना ममलेश्वर चालतं, ते काठावरच आहे. तुम्हाला शेवटच्या दिवशी भेटायला जायचं असेल तर एक बघा, २०२८ ला उज्जैनचा सिंहस्थ आहे, त्या दिवसात तिकडं खोली मिळणं अवघड, मामांना त्याआधी उरकायला सांगा.