ऑफलाइन लॅपटॉपवर एकाच वेळी पाच-सहा व्हर्च्युअल मशीन्स (संगणकाच्या आत चालणारे संगणक) चालवायची आहेत, प्रोसेसर कोणता घेऊ?

प्रोसेसरचं नंतर बघू. रॅम किती घेताय ते आधी सांगा.

आमच्या जुन्या ऑफिसात साहेबांनी सगळ्यात वरचा प्रोसेसर मंजूर केला आणि रॅम १६ जीबीवर अडवली. मी ३२ मागत होतो. म्हणे, "रॅम काय, नंतर वाढवू." ती होती बोर्डावर सोल्डर केलेली, वाढवताय कसली! क्लायंटकडे ट्रेनिंग, तिथे इंटरनेट बंद. दोन विंडोज सर्व्हर, दोन विंडोज ११, दोन लिनक्स. विंडोजला प्रत्येकी ४ आणि लिनक्सला २ धरले तरी २० जीबी होतात, होस्टचे, म्हणजे खुद्द लॅपटॉपचे, वेगळेच. मग आलटून पालटून मशीन्स सेव्ह स्टेटमध्ये (आहेत तशी गोठवून) टाकत दिवस काढायचा. त्यात डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर, जागा झाला तो जुनीच वेळ घेऊन. त्याचं होस्टशी टाइम सिंक बंद होतं, बाकीच्यांचं चालू. कर्बेरॉस, म्हणजे विंडोज डोमेनची ओळख तपासायची पद्धत, डीफॉल्टला घड्याळांतला ५ मिनिटांपलीकडचा फरक खपवून घेत नाही, त्यामुळे शेअर फोल्डर उघडेना. इंटरनेट असतं तर एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवायची सोय) सावरलं असतं. साहेबांचं निदान: "लॅपटॉपला लोड झेपत नाही." अहो, सीपीयू पेंगत होता!

तर, ३२ जीबी किमान, ६४ झेपत असेल तर ६४. रॅम सोल्डर केलेली असेल तर जी घ्याल तीच शेवटपर्यंत. होस्टकडून वेळ फक्त डोमेन कंट्रोलरने घ्यायची, बाकीच्यांनी त्याच्याकडून. डिस्क एनव्हीएमईच (वेगवान एसएसडी) हवी. एक बेस इमेज (मूळ मशीनची डिस्क) करून लिंक्ड क्लोन (तिच्यावरच टेकलेल्या प्रती) काढा, जागा खूप वाचते. फक्त त्या बेसला पुन्हा हात लावू नका, सगळे क्लोन एकदम झोपतील. स्नॅपशॉटला (मशीनच्या त्या क्षणाच्या नोंदीला) बॅकअप समजणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या फाइली), पॅकेजेस, अपडेट्स निघण्याआधीच उतरवून घ्या, आणि सगळं एकदा वाय-फाय बंद करून चालवून बघा.

हो, मशीन्सच्या आत मोठं कंपाइलिंग वगैरे करणार असाल तर कोअर्स लागतात, तिथे साहेबांचं बरोबर. आणि एआरएम प्रोसेसरचा लॅपटॉप बघत असाल तर थांबा: एक्स८६ची (नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीची) मशीन्स त्यावर इम्युलेशननेच (त्या प्रोसेसरची नक्कल करून, हळू) चालतात, आणि तशी सहा एकदम चालवणं विसरा.